ऐंशी गुणांचे अंतर

२८ जुलै २०२५ च्या सायंकाळी लोणावळ्यात पाऊस कोसळत होता आणि, मावळातल्या पावसाळ्याचा जणू दंडकच आहे त्याप्रमाणे, वीज गेली होती. आमच्या घरी शेजारपाजारची पाचसात मंडळी एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसली होती. त्या वीतभर पडद्यावर जॉर्जिया देशातील बाटुमी शहरातला बुद्धिबळाचा पट दिसत होता. पटाच्या एका बाजूस आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी, दुसऱ्या बाजूस आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. महिलांच्या विश्वचषक स्पर्धेचा हा अंतिम सामना. दिव्या जिंकली, तिला रडू कोसळले, तिने आईला मिठी मारली. आमच्या घरातही दोघी-तिघींनी पदराने डोळे टिपले. त्यांतल्या एकीला तर घोडा पटावर कसा चालतो हेही ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर हाच विषय निघाला. जो तो एकच उपमा देत होता: दाविदाने गल्याथाला लोळवले. उपमा आपल्या घरचीच, म्हणून ती चटकन ओठांवर येते, हे आम्ही समजू शकतो. तरीही त्या दिवशी ती आम्हाला खटकली. का खटकली, याचा विचार करता करता हा लेख झाला. वास्तविक या अंकासाठी एका कवितासंग्रहाचे परीक्षण देण्याचे आम्ही कबूल केले होते. संपादकांनी क्षमा करावी. आमचे म्हणणे इतकेच की, बुद्धिबळाचा डाव हीही एक कृतीच असते. दोन माणसे मिळून ती घडवतात, ती खेळीगणिक कागदावर उतरते, आणि शंभर वर्षांनीही ती जशीच्या तशी वाचता येते. मग तिचे परीक्षण करण्यास हरकत कोणती?

आधी बळाबळाचा हिशेब मांडू. बुद्धिबळात खेळाडूचे बळ गुणांकनाने मोजतात. ही पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवली आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्वीकारली. हंगेरीत जन्मलेले हे एलो अमेरिकेतील मिल्वॉकी येथे मार्क्वेट विद्यापीठात शिकवत. ते विद्यापीठ जेज्विट धर्मगुरूंचे, हे आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते. बाटुमीच्या स्पर्धेला निघताना हम्पीचे गुणांकन होते २५४३ आणि दिव्याचे २४६३. अंतर ऐंशी गुणांचे. एलोंच्या सूत्राप्रमाणे याचा अर्थ असा की, या दोघी शंभर डाव खेळल्या तर दिव्याच्या वाट्याला सुमारे ३९ गुण यावेत आणि हम्पीच्या वाट्याला ६१. अंतर दोनशेचे असते तर दुबळ्याला शंभरात सुमारे २४ मिळाले असते, चारशेचे असते तर जेमतेम ९.

एकोणचाळीस म्हणजे काही शून्य नव्हे. एकोणचाळीस टक्के गुण घेऊन आपली मुले वरच्या वर्गात गेली आहेत, आणि घरात त्या दिवशी पेढेही वाटले गेले आहेत! परंतु हा हिशेब झाला दीर्घ वेळेच्या डावांचा. अंतिम सामन्याचा निकाल लागला तो जलद डावांत, आणि जलद बुद्धिबळात हम्पी २०१९ साली मॉस्कोमध्ये व २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये, अशी दोनदा जगज्जेती झालेली. शिवाय ती २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. दिव्याचा जन्म २००५ च्या डिसेंबरातला. म्हणजे ही मुलगी जगात आली तेव्हा समोरची खेळाडू तीन वर्षांपूर्वीच ग्रँडमास्टर झालेली होती. हम्पीला चौथे मानांकन होते, दिव्याला पंधरावे. बाटुमीला जाईपर्यंत दिव्याच्या गाठी ग्रँडमास्टर पदासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता.

इतके असूनही दावीद आणि गल्याथ ही उपमा येथे लागू पडत नाही, असे आमचे मत आहे. दाविदाची कथा पुन्हा एकदा नीट वाचावी. शौल राजाने त्याला आपले चिलखत घातले, तलवार दिली. दाविदाने ती चढवून पाहिली आणि उतरवून ठेवली. त्याने गोफण घेतली. गल्याथाचा भाला जेथे पोहोचू शकत नव्हता तेथून त्याने दगड भिरकावला. म्हणजे दाविदाने लढाईचे हत्यारच बदलले. बुद्धिबळात ही मुभा नाही. शौलाचे चिलखत दोघांनाही घालावेच लागते, आणि ते दोघांनाही एकाच मापाचे असते: सोळा मोहरी, तीच घरे, तेच नियम, तेच घड्याळ. बळाचे अंतर पटावर कोठेही दिसत नाही. मग ते असते तरी कोठे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला बाटुमीत सापडले नाही. कामशेतच्या एका मुलाच्या वहीत सापडले. हा मुलगा शनिवारी आमच्याकडे खेळायला येतो. वय बारा. गेल्या वर्षी तो प्रथमच पुण्याच्या एका खुल्या स्पर्धेत उतरला. अशा स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. सर्व खेळाडूंची गुणांकनानुसार एक उतरंड लावतात, ती मधोमध दुभंगतात, आणि पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याची गाठ खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी घालतात, दुसऱ्याची दुसऱ्याशी. परिणाम असा की, लोकलने मळवली-कामशेतहून पहाटे निघालेल्या नवख्या पोराला पहिल्याच डावात एखादा मुरलेला गडी भेटतो. दीडदोन तासांत पोर हरते, आणि बाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या आईबापांना वाटते, कशाला आणले याला एवढ्या लांब?

आमचा हा मुलगाही असाच हरला, एकतीस खेळ्यांत. खेळ्या लिहिलेला कागद त्याने पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. आम्ही डाव मांडून पाहू लागलो. सतराव्या खेळीला समोरच्या खेळाडूने चक्क एक प्यादे मोकळे सोडले होते. सापळा नव्हता, डावपेच नव्हता. निव्वळ नजरचूक होती. आमच्या मुलाने ते घेतले नाही. त्याने उंट मागे घेतला. आम्ही विचारले, ‘‘हे दिसलं नाही का रे तुला?’’ तो म्हणाला, ‘‘दिसलं होतं, अंकल. पण एवढा मोठा खेळाडू फुकट प्यादं कशाला देईल?’’

ऐंशी गुण असोत, चारशे असोत, त्या अंतराचा मोठा हिस्सा राहतो तो येथे. दुबळा खेळाडू समोरच्याच्या खेळीवर विश्वास ठेवतो. समोरच्याने हत्ती हलवला म्हणजे त्यात काही तरी असणारच, असे तो धरून चालतो. तो पट वाचत नाही, नाव वाचतो. प्रत्यक्ष ज्ञानातले अंतर असतेच, ते आम्ही नाकारीत नाही. पण त्या अंतरात दुबळा खेळाडू स्वतःच्या हाताने भर घालतो. बलवानाला अर्धा डाव न खेळताच मिळतो. (हा दोष केवळ बारा वर्षांच्या मुलांचा आहे असेही नाही. आम्ही परीक्षणे लिहिणारे काय करतो? पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव मोठे असले की आतला पोकळ परिच्छेदही आम्हाला अर्थगर्भ वाटू लागतो, आणि नवख्याच्या पुस्तकातली चांगली ओळ छापखान्याची चूक असावी असे वाटते.)

आता या दृष्टीने बाटुमीचा सामना वाचू. अंतिम फेरीत दीर्घ वेळेचे दोन डाव झाले, २६ व २७ जुलै रोजी. पहिल्या डावात दिव्याकडे पांढरी मोहरी होती. तिला वरचढ स्थिती मिळाली, पण ती जिंकण्यापर्यंत नेता आली नाही; हम्पी निसटली. दुसऱ्या दिवशी हम्पीकडे पांढरी मोहरी, तोही डाव बरोबरीत. २८ तारखेला जलद डाव: प्रत्येकीला पंधरा मिनिटे, शिवाय प्रत्येक खेळीमागे दहा सेकंदांची भर. पहिला जलद डाव पुन्हा बरोबरीत. राहिला चौथा, आणि त्यात दिव्याकडे काळी मोहरी.

आमच्या मते वाचनीय डाव हाच. मात्र त्याचे कारण वर्तमानपत्रांनी सांगितले त्याहून वेगळे आहे. हा काही निर्दोष डाव नव्हे. सौंदर्यासाठी संग्रहात ठेवावा, असा तर मुळीच नव्हे. सत्तरहून अधिक खेळ्या चाललेल्या या डावात एकीची चूक दुसरीने सुधारली आणि दुसरीची पहिलीने. उत्तरार्धात हम्पीच्या घड्याळातील वेळ संपत आला. त्या घाईत तिच्या हातून चुका झाल्या, दिव्याची बाजू वरचढ झाली. मग दिव्याच्याही हातून तो वरचष्मा निसटला. आणि पुन्हा हम्पी चुकली. सामन्यानंतर खुद्द दिव्यानेच सांगितले की, डावाच्या अखेरच्या भागाचा आपण अभ्यास केला पाहिजे, तेथे आपण कोठे तरी गोंधळ घातला. विजयानंतर अवघ्या काही मिनिटांत स्वतःच्या कृतीविषयी इतके नेमके बोलणारे लेखक आमच्या पाहण्यात फारसे नाहीत.

दहा सेकंद म्हणजे किती? घरी स्वस्थ बसून एक ‘नमो मारिया’ म्हणावी, जवळजवळ तेवढाच अवधी. एवढ्यात पट पाहायचा, समोरची काय योजते आहे ते ताडायचे, आपले ठरवायचे, मोहरे हलवायचे आणि घड्याळ दाबायचे. आणि असे लागोपाठ वीस-तीस वेळा. हे करताना माणूस दमतो, आणि दमलेला माणूस विश्वासाकडे वळतो. ‘हिने असे केले, म्हणजे बरोबरच असेल,’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह याच वेळी सर्वांत अधिक. समोर दोनदा जगज्जेती झालेली खेळाडू असताना, काळ्या मोहऱ्यांनी, बरोबरीवर समाधान मानून पुढच्या डावांकडे जाण्याची वाट मोकळी असताना, या मुलीने प्रत्येक खेळी तपासून पाहिली. काही वेळा चुकीची तपासली, पण तपासली. हम्पीने केले म्हणून ते खरे, असे तिने मानले नाही. पूर्ण डाव दोनदा खेळून पाहिल्यावर आमच्या मनावर उमटलेला ठसा हा आहे. यास कोणी आमची कल्पना म्हणेल, म्हणो. परीक्षणात ठसाच सांगायचा असतो.

हाच गुण तिच्या आधीच्या फेऱ्यांतही दिसतो. या स्पर्धेत तिने चीनची दुसरी मानांकित झू जिनेर हिला बाद केले, मग आपल्या द्रोणवल्ली हरिकाला, आणि उपान्त्य फेरीत तान झोंगयी या माजी जगज्जेतीला. तानविरुद्धचा निर्णायक डाव १०१ खेळ्यांचा होता. एकशे एक खेळ्या समोरच्याच्या कीर्तीला न भुलता बसून राहणे हे चमत्काराच्या सदरात मोडत नाही. ते कामाच्या सदरात मोडते, शेतात चिखलणी करावी तसल्या कामाच्या.

येथे एक तक्रार नोंदवितो. आजकाल असे सामने पाहताना पटाच्या बाजूला एक उभी पट्टी दाखवतात. संगणक क्षणोक्षणी डाव तोलतो आणि पट्टीतील पांढरा-काळा भाग वरखाली होतो. आमच्या घरी त्या सायंकाळी खरी गर्दी होती ती पट्टी पाहणाऱ्यांची. पट कोणी पाहतच नव्हते. पट्टी खाली घसरली की ‘अरेरे, चुकली!’ आणि वर चढली की ‘वा!’ ज्यांना उंट तिरका चालतो एवढेच माहीत, तेही जगज्जेतीला चुका काढून दाखवीत होते. पूर्वी दुबळा खेळाडू बलवानावर विश्वास ठेवी. आता प्रेक्षक पट्टीवर ठेवतात. दोहोंत पट न वाचण्याचा आळस तोच. संगणकाला जे एका क्षणात दिसते ते दहा सेकंदांत, धडधडत्या काळजाने, माणसाला दिसले नाही, याला चूक म्हणावे की नाही, हाच मुळात विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आम्ही तिला चूकच म्हणू. पण ‘अरेरे’ म्हणणार नाही.

आणि हम्पी? दावीद-गल्याथाची उपमा सर्वांत जास्त अन्याय करते तो तिच्यावर. उपमेत गल्याथ असला की त्याला एकच काम उरते, पडण्याचे. बुद्धिबळाचा डाव मात्र एका हाताने लिहिला जात नाही. चौथ्या डावातील निम्म्या खेळ्या हम्पीच्या आहेत. तिने डाव गुंतागुंतीचा ठेवला नसता, मिळेल तेथे मोहऱ्यांची मारामारी करून बरोबरी पदरात पाडून घेतली असती, तर जे आपण पाहिले ते घडलेच नसते. मातृत्वाच्या काळात ती सुमारे दोन वर्षे खेळापासून दूर होती. परतल्यावर २०१९ चे जगज्जेतेपद तिने मिळवले. एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे या सामन्याच्या तीनच महिने आधी, आपल्या पुण्यात महिलांच्या ग्रां प्री मालिकेतील एक स्पर्धा झाली. ती हम्पीने जिंकली होती आणि दिव्या तिसरी आली होती. उपान्त्य फेरीत अव्वल मानांकित लेई तिंगजीला हरवून हम्पी अंतिम फेरीत पोहोचली होती. अशा खेळाडूला केवळ समोरचीची उंची वाढवणारा चौथरा करून ठेवणे हे वाङ्मयीन दृष्ट्याही वाईट लेखन आहे. खलनायक निर्जीव असला की नायकही कागदी होतो, हे नाट्यपरीक्षणातले जुने सूत्र येथेही खरे ठरते.

आपल्या भाषेत आणखी एक तयार उपमा आहे, ‘प्याद्याचा वजीर झाला.’ तीही त्या दिवसांत पुष्कळदा कानावर आली. बोलणारे कौतुकानेच बोलत होते. पण या वाक्प्रचारात एक बारीक खवचटपणा मुरलेला आहे, तो मराठी कानाला ऐकू येतोच. जणू प्याद्याने आपली पायरी सोडली. दिव्या काही प्यादे नव्हती. २०२४ साली ती गांधीनगरला मुलींच्या गटात कनिष्ठ जगज्जेती झाली होती. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले त्यात ती होती, आणि वैयक्तिक सुवर्णही तिने घेतले होते. त्या संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. बाटुमीच्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी आणि स्त्रियांतील चौथी. हे सर्व घरबसल्या अकस्मात घडत नसते.

याच मुलीने २०२४ च्या आरंभी नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली होती की, प्रेक्षक आपला खेळ पाहण्याऐवजी कपडे, केस आणि बोलण्याची ढब पाहतात. आमच्या विषयाशी या तक्रारीचा निकट संबंध आहे. पट न वाचता माणूस वाचण्याचा जो रोग आम्ही वर सांगितला, त्याचेच हे हीन रूप. आणि तो आजचा नाही. १९७६ साली मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. रोहिणी तेव्हा तेरा वर्षांची होती. समोर बसलेल्या पुरुषांचे बळ अधिक की उणे, हे पटावर ठरायचे होते. पण काहींना ते पट मांडण्यापूर्वीच ठरवून हवे होते. त्या भगिनींतील वसंती १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला विजेती झाली होती, हे येथे सांगून ठेवतो. नाही तर या घराण्याचा उल्लेख अपुरा राहील.

आता एक शंका काही वाचक घेतील, आणि आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शिक्षिकेने ती घेतलीही: ‘‘मोठ्यांवर विश्वास ठेवू नये, असं तुम्ही मुलांना शिकवणार का? मग नम्रता कुठे राहिली?’’ शंका रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही आमच्या पदरचे देत नाही. बुद्धिबळाशी आपल्या परंपरेचे नाते जुने आहे. स्पॅनिश पद्धत म्हणून जी सुरुवात जगभर खेळली जाते तिला रुय लोपेस या सोळाव्या शतकातील धर्मगुरूचे नाव आहे. त्याचा ग्रंथ १५६१ सालचा. आणि त्याच स्पेनमधील, त्याच शतकातील आविलाची संत तेरेजा हिला १९४४ साली तेथे बुद्धिबळपटूंची आश्रयदाती संत म्हणून मान मिळाला. का? तर ‘परिपूर्णतेचा मार्ग’ या आपल्या ग्रंथात तिने प्रार्थनाजीवन समजावताना बुद्धिबळाचा दृष्टान्त दिला आहे. मठातील भगिनींना ती सांगते की, या खेळात राजाला जेरीस आणण्याचे काम सर्वाधिक करते ती राणी, आणि दैवी राजाला शह देऊन शरण आणणारी राणी म्हणजे नम्रता. हा भाग तिने पहिल्या हस्तलिखितात लिहिला आणि दुसऱ्या प्रतीत वगळला. मठात अशा खेळाचे नाव घेणेही काहींना रुचले नसावे.

हा दृष्टान्त मराठीत आणताना एक अडचण उभी राहते. आपल्या पटावर राणीच नाही. राजाशेजारी उभा असतो तो वजीर, आणि नम्रतेला वजीर म्हणणे कानाला विचित्र लागते. वजीर म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो कारस्थानी, पगडीवाला मुत्सद्दी. म्हणून मराठी प्रवचनांतून हा दृष्टान्त फारसा ऐकू येत नसावा, असा आमचा तर्क आहे. पण भाषांतराची ही अडचण बाजूला ठेवली, तर तेरेजाच्या म्हणण्यातील धार लक्षात येते. तिच्या दृष्टान्तातील नम्रता कोपऱ्यात अंग चोरून उभी राहत नाही. ती पटावरील सर्वांत धाडसी मोहरे आहे. ती पुढे जाते, शह देते, प्रत्यक्ष राजाला वेढते. आमच्या कामशेतच्या मुलाने उंट मागे घेतला ती तेरेजाला अभिप्रेत असलेली नम्रता नव्हती. ती भीती होती, नम्रतेचे कपडे घातलेली. आणि विजयानंतर ‘मला डावाची अखेर शिकली पाहिजे’ असे जी मुलगी म्हणाली तिच्यात, आमच्या मते, ती नम्रता थोडीफार होती. शिक्षिकाबाईंचे या उत्तराने पूर्ण समाधान झाले नाही. त्यांनी फक्त मान हलवली, आणि ती होकाराची होती की नकाराची हे आम्हाला कळले नाही.

मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याच्या वडिलांनी ठरवले होते की, यापुढे त्याला फक्त लहान मुलांच्या गटात खेळवायचे; तेथे चषक तरी मिळतात. याबद्दल त्यांच्याशी आमचा बराच वाद झाला. दोन वेळचा लोकलचा प्रवास, प्रवेशशुल्क, बुडालेला रोज हे सारे त्यांच्या बाजूने होते. आमच्या बाजूने सतराव्या खेळीखेरीज काही नव्हते. अखेर मुलाच्या आईने तिढा सोडवला. तिने विचारले, हरलेल्या डावाचा कागद तो उशाखाली का ठेवतो? वडिलांना याचे उत्तर देता आले नाही.

या वर्षी दिव्याच्या विजयानंतर तीनचार आठवड्यांनी तो पुन्हा खुल्या स्पर्धेत उतरला. पहिल्या फेरीत पुन्हा तसाच मुरलेला गडी. पुन्हा हरला, आणि या खेपेस सव्वीस खेळ्यांत. शनिवारी कागद घेऊन आला तेव्हा चेहरा मात्र पडलेला नव्हता. आम्ही डाव मांडला. चौदाव्या खेळीला समोरच्याने एक प्यादे सोडले होते, आणि त्याने ते घेतले होते. ते घ्यायला नको होते. या वेळी तो सापळाच होता. तो नेमका कोठे आवळला गेला, पंधराव्या खेळीला की सतराव्या, यावर आमचे एकमत होईना. तो म्हणे पंधराव्या, आम्ही म्हणू सतराव्या. बाहेर पाऊस लागून राहिला होता. मोहरी पुन्हा पुन्हा मांडता मांडता त्याची कामशेतला जाणारी लोकल चुकली, आणि पुढच्या गाडीपर्यंत आम्ही अठराव्या खेळीपर्यंतही पोहोचलो नाही.